व्हेनिसची संध्याकाळ उभ्यानेच घ्या

मी ठाण्याला चरईत राहते. रोज संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी मारली नाही तर मला चैन पडत नाही. म्हणून बहिणीबरोबर व्हेनिसला गेले तेव्हा तिथली संध्याकाळ लगेच ओळखीची वाटली: जरा चालायचं, उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकायचं, गप्पा मारायच्या आणि पुढे निघायचं.

तिथे गल्लीबोळांत छोटे वाइन-बार असतात, त्यांना बाकारो म्हणतात. आत शिरलात की काउंटरवर ‘ऊना ओम्ब्रा’ मागा. ओम्ब्रा म्हणजे सावली, पण इथे तो वाइनचा छोटा ग्लास. पूर्वी वाइनवाले घंटाघराच्या सावलीबरोबर आपली गाडी सरकवत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. सोबत काचेमागे मांडलेले चिक्केत्ती, म्हणजे पावाच्या तुकड्यावरचे एका-दोन घासांचे पदार्थ, बोट दाखवून मागायचे. एका ठिकाणी दोनच घ्या. पोट पुढच्या बाकारोसाठी राखायचं असतं.

‘बाकाला मान्तेकातो’ हा माशाचा पदार्थ मात्र चुकवू नका. नॉर्वेत कॉड मासा आपल्या बोंबलासारखा वाऱ्यावर वाळवतात. तो भिजवून, शिजवून, तेल घालत इतका घोटतात की लोण्यासारखा पांढरा आणि हलका होतो. 1432 मध्ये पिएत्रो क्वेरीनी नावाचा व्हेनिसचा दर्यावर्दी जहाज फुटून नॉर्वेच्या बेटावर अडकला होता. सुका कॉड व्हेनिसला त्यानेच आणला असं मानतात. दुसरं सार्दे इन साओर: तळलेल्या तारल्या, वर व्हिनेगरमध्ये शिजवलेला भरपूर कांदा आणि बेदाणे. पहिल्याच घासाला बहीण म्हणाली, “अगं, हे तर लोणचंच!” खरंच आहे ते. बोटीवर टिकावं म्हणूनच खलाशी ते करत. शाकाहारी असाल तर ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ एवढं पाठ करा: मांस नको, मासे नको.

पहिल्या दिवशी आम्ही एका चौकात खुर्चीवर बसलो. बिलात बसण्याचे पैसे वेगळे लावलेले बघून जीव हळहळला. तेव्हा बसण्याआधी दरपत्रक वाचा, नाहीतर काउंटरपाशी उभ्यानेच प्या. पुलाच्या पायऱ्यांवर बसून खाऊ नका, दंड होतो.

निघायचं सहाला. बरेच बाकारो लवकर मिटतात, आपल्यासारखं नऊला निघून चालत नाही. कान्नारेज्यो भागात मिझेरिकोर्दियाच्या कालव्याकाठी जा, तिथे तरुण पोरं ग्लास घेऊन काठावर उभी असतात. गाडी नाही, स्कूटर नाही, त्यामुळे रस्ता ओलांडताना मान वळवावी लागत नाही. मोबाइलमधला नकाशा पर्समध्येच ठेवा. रस्ता चुकलात तर भिंतीवर ‘पेर रिआल्तो’ अशी पिवळी पाटी शोधा. तिच्या मागे गेलात की रिआल्तोच्या मोठ्या पुलाशी पोचताच.

परतताना एकदाच एक नंबरच्या मार्गावरची व्हापोरेत्तो, म्हणजे तिथली बससारखी बोट, घ्या. तिकीट महाग आहे, पण रात्री गर्दी कमी असते आणि बाहेरची जागा मिळते. आम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत उतरलोच नाही.