हरसूलच्या अंधारात डीप-स्काय (तेजोमेघ, दीर्घिका यांचे फोटो) : कॅमेरा सेटिंग आणि गायडिंग

गायडिंगचा (दुसरा छोटा कॅमेरा एक तारा धरून ठेवतो आणि मुख्य कॅमेरा फिरवणारा मोटारीचा माउंट त्यानुसार सुधारत राहतो, त्याचा) आकडा किती यायला पाहिजे, हे दर थंडीत कोणीतरी विचारतंच आणि मी उलट विचारतो, लेन्स कुठली लावलीये? त्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थच नाही.

हिशोब सोपाय. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा, लेन्सच्या मिमीतल्या फोकल लेंथने भागा, एक पिक्सेल आकाशाचे किती आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग) व्यापतो ते कळतं. कॅनन २००डीचा पिक्सेल साधारण ३.७ मायक्रॉनचा, त्यावर १३५ मिमीची लेन्स लावली तर साडेपाचच्या वर येतं, ४०० ला जेमतेम १.९. गायडिंगची एकूण आरएमएस (सरासरी चूक) याच्या निम्म्याच्या आसपास राहिली की तारे गोल येतात, म्हणजे १३५ वर २ आली तरी बिनधास्त गाडीत जाऊन बसा, ४०० वर मात्र १ च्या आत आणताना घाम फुटतो, तोही डिसेंबरात.

आता जागा. नाशिक २० अक्षांशावर, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून फक्त २० अंश वर. माउंटचा अक्ष ध्रुवाकडेच लावायचा असतो, म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलकडे उत्तरेला डोंगर आडवा येतो का ते दिवसाच बघून ठेवा, मी एकदा रात्री भारी जागा मिळाली म्हणून सगळं मांडून बसलो आणि मग कळलं की ध्रुव टेकडीमागे. शिवाय इतक्या कमी अक्षांशावर काही माउंटचा वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो, ते घरीच फिरवून बघा. शहराचा उजेड तिथून पूर्वेला दिसतो, त्यामुळे मृग उगवला की लगेच सुटू नका, चांगला वर येऊ द्या.

कॅमेरा रॉ आणि मॅन्युअलवर. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद म्हणजे बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा काळी फ्रेम काढत बसतो आणि अर्धी रात्र वाया. आयएसओ ८०० वर सुरू करा. एक्सपोजर दुसऱ्याचं बघून ठेवू नका, एक फोटो काढा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, उंचवटा डाव्या कडेपासून सुटून पाव ते एक तृतीयांशावर आला की झालं. एफ/४ ला मला गच्चीवरून ६० सेकंदच पुरतात, हरसूलला १८० लागतात. मृगातल्या तेजोमेघाचा मधला भाग मात्र यात जळतोच, त्यासाठी १० सेकंदांचे वीसेक वेगळे घ्या. फोकस व्याधावर, लाइव्ह व्ह्यू १० पट करून, ठिपका सगळ्यात बारीक होईल तिथे, आणि थंडी वाढली की परत बघायचा, हे सगळेच विसरतात.

गायडिंगला मी पीएचडी२ हे सॉफ्टवेअर वापरतो. कॅलिब्रेशन (माउंट कुठल्या सूचनेला किती सरकतो हे सॉफ्टवेअरला शिकवणं) खगोलीय विषुववृत्ताजवळ करायचं, आणि मृगाच्या पोटातला बाण नेमका तिथेच आहे, तो दक्षिणेला वर आला की उत्तम. गाइड एक्सपोजर २-३ सेकंद, अर्धा सेकंद ठेवलात तर माउंट हवेच्या थरथरीमागे धावत बसतो. ग्राफ उड्या मारायला लागला की आधी सेटिंगला हात लावू नका, केबल बघा. मी तासभर अ‍ॅग्रेशन (दुरुस्ती किती जोरात करायची ते) वरखाली करत होतो आणि गाइड कॅमेऱ्याची वायर ट्रायपॉडच्या नॉबला अडकलेली. दर दोन-तीन फोटोंनी डिदरिंग (कॅमेऱ्याची दिशा किंचित सरकवणं) ठेवा, नाहीतर स्टॅक केल्यावर (फोटो एकावर एक रचल्यावर) नॉइजचे तिरके ओरखडे दिसतात. तारा एकदम गायब झाला तर ढग शोधू नका, गाइड स्कोपवर (गाइड कॅमेऱ्याच्या छोट्या दुर्बिणीवर) दव पडलंय, हीटर पट्टी लेन्स आणि स्कोप दोन्ही नळ्यांना हवी.

पिकाला पाणी द्यायला रात्रीच्या लाइटीवर मोटार चालू करायला कोणीतरी येतंच. मागच्या वेळी एक काका बॅटरी थेट लेन्सवर मारून म्हणाले, "काय भाऊ, रात्रीची मोजणी चाललीय का?" तो फोटो गेला, पण त्यांना स्क्रीनवर तेजोमेघ दाखवला, मग त्यांनीच बॅटरी विझवली.

आवरताना डार्क फ्रेम (नंतर फोटोतला नॉइज वजा करायला) घ्यायच्या, झाकण लावून, तोच आयएसओ, तोच एक्सपोजर, तीच थंडी, वीसेक तरी. घरी पंख्याखाली काढलेल्या चालत नाहीत. फ्लॅट (कडांचा काळोख आणि धुळीचे डाग काढायला एकसारख्या उजेडाचे फोटो) त्याच्याही आधी, फोकसला हात न लावता, लेन्सवर पांढरा बनियन ताणून उजाडत्या आकाशाकडे. बनियन धुतलेला असू द्या.