गुलामचोर: जोड्या नीट लावा, मग भांडा

पत्त्यांच्या कॅटमधले जोकर बाजूला ठेवा आणि चारपैकी तीन गुलाम काढून टाका. उरतात 49 पानं, म्हणजे 24 जोड्या आणि एक गुलाम, ज्याला जोडीदारच नाही. सगळ्या जोड्या लागून गेल्यावर हा गुलाम ज्याच्या हातात राहील तो चोर. या खेळात कोणी जिंकत नाही, एकजण हरतो.

कोणता गुलाम ठेवायचा हे नुसतं रंगावरून ठरवू नका. चारही गुलाम उलटे टाका आणि पाठी बघा. कोपरा दुमडलेला, चहाचा डाग पडलेला गुलाम ठेवलात तर दुसऱ्या डावापासून तो सगळ्यांना लांबूनच ओळखू येतो. ज्याची पाठ इतर पानांसारखीच मळकी आहे तो ठेवा. काही घरांत गुलाम काढत बसण्यापेक्षा 52 पानांत एक जोकर घालून खेळतात. जपानातला बाबानुकी हा खेळही असाच जोकर घेऊन खेळतात. फक्त जुन्या कॅटमध्ये जोकर फारसा वापरलेला नसतो, त्याची पाठ कोरी करकरीत राहते आणि तोच घोटाळा होतो.

पिसण्याआधी पानं मोजा, 49 भरलीच पाहिजेत. तीन ते सहा भिडूंत खेळ रंगतो. सगळी पानं एकेक करून वाटायची. चौघांत एकाला 13 आणि बाकीच्यांना 12 येतात, पाचांत एकाला 9 आणि इतरांना 10. एखादं पान कमी-जास्त आल्याने फरक पडत नाही, त्यावरून वाद घालू नका.

आता हातातल्या जोड्या काढा. एक्क्याशी एक्का, राणीशी राणी. रंग कोणताही चालतो. तीन तिर्र्या आल्या तर दोनच टाकायच्या, तिसरी हातात ठेवायची. हौसेने तिन्ही टाकल्या की चौथी तिर्री शेवटपर्यंत अनाथ फिरते आणि डावाअखेर गुलामासोबत एक भलतंच पान उरतं. दुसरी नेहमीची चूक छक्की आणि नव्वीची. लहान मुलं कोपऱ्यातला आकडा बघतात, खालच्या कोपऱ्यातला उलटा 6 त्यांना 9 वाटतो आणि दोघांची जोडी लागून जाते. मुलांना आकडा नाही, मधली चिन्हं मोजायला सांगा. म्हणूनच टाकलेल्या जोड्या मधे एका ढिगात लोटू नयेत. प्रत्येकाने त्या आपल्यापुढे, सुलट आणि आडव्या-उभ्या ठेवाव्यात. काही चुकलं तर कोणाकडे चुकलं ते लगेच सापडतं.

मग ओढाओढी सुरू. वाटणारा आपली पानं पंख्यासारखी, पाठी बाहेर करून, उजवीकडच्या भिडूपुढे धरतो. तो न बघता एक पान ओढतो, जोडी लागली तर टाकतो, नाही तर पान हातात मिसळतो. आता हाच भिडू आपली पानं त्याच्या उजवीकडच्यापुढे धरतो. दिशा महत्त्वाची आहे. अशा क्रमाने गुलाम एका फेरीत तीन-चार हात फिरू शकतो. उलट, प्रत्येकाने आपल्या पुढच्या भिडूचं पान ओढायचं असं ठेवलं तर गुलाम हातात आल्यावर जवळजवळ पूर्ण फेरी तिथेच बसून राहतो आणि खेळ रटाळ होतो.

हात रिकामा झाला की भिडू सुटला, मग ते शेवटचं पान जोडीत गेलं असो की शेजाऱ्याने ओढलं असो. इथे हमखास अडतं: ज्याचं पान ओढायचं तो सुटलाच असेल तर काय? त्याच्या मागे ज्याच्या हातात पानं आहेत, त्याच्याकडून ओढा. आणखी एक गोष्ट आधीच ठरवा: पानाला बोट लावलं की ते घ्यायचं, की ओढून काढेपर्यंत विचार बदलता येतो? मुलं असतील तर दुसरा नियम बरा, मोठ्यांत पहिला.

गुलाम आल्यावर चेहरा सांभाळणं सगळे सांगतात. त्याहून जास्त हात चुगली करतो. नवं पान बहुतेक लोक पंख्याच्या कडेला खोचतात आणि तसंच पुढे धरतात. बघणाऱ्याला तो गुलाम नेमका कुठे गेला ते दिसतं. पान आलं की, जोडी लागो न लागो, दरवेळी पानं मांडीखाली नेऊन फिरवा. एखादं पान किंचित वर काढून धरणं ही जुनी खोडी आहे, एखाद-दोन वेळाच चालते. पंखा एकदा पुढे धरल्यावर मात्र पानं हलवायची नाहीत.

दोघंच उरले की लपवाछपवी संपते, कारण गुलाम कोणाकडे आहे हे दोघांनाही कळलेलं असतं. शेवटी एकाकडे गुलाम आणि पंजी, दुसऱ्याकडे पंजी असं उरलं, तर पाळी कोणाची ते बघा. गुलामवाल्याने ओढायचं असेल तर खेळ संपलाच: त्याची जोडी लागते आणि हातात एकटा गुलाम राहतो. दुसऱ्याने ओढायचं असेल तर दोनांतलं एक पान, अर्धी-अर्धी शक्यता. गुलाम ओढला की भूमिका उलटतात आणि पुन्हा तेच. हे चार-पाच वेळा चाललं तर खोली डोक्यावर घेतली जाते.

सरावलेल्यांनी तीनऐवजी एकच गुलाम काढावा. 51 पानांत तीन गुलाम राहतात, त्यांतल्या दोघांची जोडी लागून जाते आणि कोणता चोर ठरणार हे बराच वेळ कळत नाही. याहून कठीण हवं असेल तर लाल-लाल आणि काळी-काळीच जोडी चालेल असा नियम लावा.

कॅटमधलं एखादं पान हरवलं असेल तर कॅट फेकू नका. समजा चौकटची पंजी नाही: चारही गुलाम आत ठेवा, 51 पानं वाटा आणि पंजीचोर खेळा.