गडद छापील कापडाची गोधडी शिवताय? या चुका टाळा

रविवार पेठेतून अजरखचे (ठशांनी छापलेल्या गडद सुती कापडाचे) पाच-सहा तुकडे उचलायचे, मोबाइलवर ताऱ्यांचं एखादं डिझाइन शोधायचं आणि त्याच रात्री कात्री लावायची. नवशिक्यांची ही घाई बघून बघून आता वैताग आलाय.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे रंगाच्या नावावरून कॉन्ट्रास्ट ठरवणं. ‘निळ्यावर लाल, म्हणजे उठून दिसणारच!’ नाही दिसत. दोन्ही रंग सारखेच गडद असतील तर लांबून ते एकमेकांत मिसळतात. माझ्या गोधडीच्या क्लासला येणाऱ्या कोथरूडच्या एका काकूंनी नेव्ही ब्लू अजरखवर मरून अजरखचे आठ टोकांचे तारे जोडले. शिलाई चोख, टोकाला टोक जुळलेलं. मी दोनदा टोकलं, तर म्हणाल्या, “अगं, जवळून किती छान दिसतंय!” ६० बाय ९० इंचांचा टॉप, म्हणजे गोधडीचा वरचा थर, पुरा करून पलंगावर पसरला आणि दारातून बघितलं, तर तारा एकही नाही, सगळा काळपट गिचमिडा. काका म्हणाले, “चादर चांगली आहे की.” मग प्रत्येक ताऱ्याचा मधला चौकोन उसवून तिथे सायीच्या रंगाचं कापड बसवलं, तेव्हा निदान तारे कुठे आहेत ते तरी कळायला लागलं. उसवण्यात त्यांचा सगळा गणेशोत्सव गेला.

म्हणून कापडं शेजारी-शेजारी ठेवा, फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. दोन्ही एकाच करड्या रंगाची दिसली तर ती जोडी रद्द. दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नका, तुकडा दाराशी उजेडात नेऊन बघा. मी तर तुकडे भिंतीला टाचून ठेवते आणि येता-जाता बघते. ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी सरळ विकतची रजई घ्यावी.

जोडीला फिकं कापड निवडताना पांढराशुभ्र नको, तो डोळ्यांत खुपतो. अजरखमध्ये चुना-डिंकाचा लेप लावून राखलेली जी फिकी रेघ असते, तिच्याशी जुळणारा मोतिया घ्या. हळदी किंवा गव्हाळही चालतो. मात्र कापड साधं हवं, फार तर बारीक ठिपक्यांचं. दोन्हीकडे नक्षी म्हणजे भांडण.

डिझाइनचं म्हणाल तर मोठी नक्षी दोन-दोन इंचांत चिरू नका. कलमकारीचा मोर कापून त्याचा नुसता पाय उरतो. आठ-दहा इंचांचे चौकोन ठेवा, मध्ये साध्या पट्ट्या द्या. लॉग केबिन (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत जायची रचना) तर गडद कापडासाठीच आहे असं माझं मत: ब्लॉकचा, म्हणजे अशा एका जोडलेल्या चौकोनाचा, अर्धा भाग गडद, अर्धा फिका. बारीक तुकड्यांची हौस साध्या कापडांवर भागवा.

रंग जाण्याबद्दल मिठाच्या पाण्याचा सल्ला हमखास मिळतो. आधीच रंगवलेल्या सुती कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही, व्हिनेगरनेही नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड घासून बघा. फडक्याला रंग लागला तर कापड वेगळं धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. इंडिगोचं तर नक्कीच. फिक्या कापडाला जोडल्यावर रडून उपयोग नाही.

गडद कापडाखाली पांढरी फायबर शीट (गोधडीच्या आत भरायचा मऊ थर) घातली तर तिचे तंतू वर येतात. काळी मिळाली तर तीच घ्या.

शिलाईच्या आतलं पाव इंच कापड गडद बाजूला वळवून इस्त्री करा, नाहीतर फिक्यातून त्याची सावली दिसते.

आणि भरगच्च नक्षीवर धावदोऱ्याची कलाकुसर करत बसू नका, ती कुणालाच दिसत नाही. तिथे सरळ ओळी घाला, हातची कमाल साध्या पट्ट्यांवर दाखवा.