ग्राउंड स्पॉयलरचं लॉजिक लिहिताना
लोहगावला पावसात उतरताना पंखावरच्या फळ्या फटकन उभ्या राहतात ना, तेच ग्राउंड स्पॉयलर, लिफ्ट (पंखांची उचलून धरणारी ताकद) घालवून वजन चाकांवर आणतात म्हणून ब्रेक नीट लागतात. सिम्युलेटरसाठी कोड लिहिताय तर आधी स्पॉयलर आर्म केलेत का (म्हणजे आपोआप उघडायला तयार ठेवलेत का), थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद ठरवणारे दांडे, आयडलला (अगदी कमीवर) आहेत का हे तपासा, मग विमान टेकलं का ते. खरी मेख इथेच आहे! १९९३ ला वॉर्सात ए३२० विमान आधी एका बाजूने टेकलं, दोन्ही बाजूंचे स्ट्रट (चाकांवरचे दबणारे खांब) दबले नाहीत, ओल्या रनवेवर चाकंही पुरेशी फिरेनात, स्पॉयलर उशिरा उघडले, दोघं गेले. म्हणून स्ट्रटवर आलेलं वजन किंवा चाकांचा वेग, असे वेगळे मार्ग ठेवाच आणि मर्यादा फार कडक नको. पण हवेत उघडायची वाट अजिबात ठेवू नका, १९७० ला टोरांटोत को-पायलटच्या हातून डीसी-८ विमानाचे स्पॉयलर हवेतच उघडले, १०९ माणसं गेली. आणि थ्रॉटल पुढे गेला की लगेच बंद.