पाऊस, सावली आणि अंकुर: प्राथमिक वर्गात वर्षभर चालवण्याचे प्रयोग

कृतीतून शिकवायचे ठरवले की शाळा सुरू होताना उपक्रमांची लांबलचक यादी तयार होते आणि सहामाहीपर्यंत ती मागे पडते. त्यापेक्षा दोन-तीनच मोजमापे निवडून ती जूनपासून एप्रिलपर्यंत नेमाने चालवावीत, असे माझे ठाम मत आहे. मुलाच्या स्वतःच्या हातची नोंद महिनोन्‌महिने वाढत गेली, की त्या आकड्यांविषयीचे प्रश्न ते आपणहून विचारू लागते. पुढील मांडणी तिसरी-चौथीचे वर्ग डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

जूनमध्ये पर्जन्यमापकापासून सुरुवात करावी. सरळ भिंतीची, मध्ये कंबर नसलेली प्लास्टिकची बाटली घेऊन तिचा वरचा निमुळता भाग शिक्षकांनी स्वतः कापावा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडावर बसवावा. बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असल्यामुळे आत थोडे खडे टाकून, सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरावे आणि त्या पातळीला शून्य मानून मिलिमीटरची कागदी पट्टी बाहेरून पारदर्शक चिकटपट्टीने पक्की करावी. खड्यांच्या वजनाने बाटली वाऱ्यात कलंडतही नाही. ती मोकळ्या जागी ठेवावी. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर राखावे.

हवामान खाते चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजते. शाळेला ती वेळ जमत नसेल तर परिपाठानंतरची वेळ ठरवावी आणि ती पाळावी. रोज नोंद झाल्यावर पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणावे. सोमवारच्या आकड्यात रविवारचा पाऊसही मिसळलेला असतो, म्हणून तो 'दोन दिवसांचा एकत्रित' असाच लिहावा. नोंद प्रामाणिक कशी ठेवायची, हे मुले इथेच शिकतात. द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीची मुले आकाशाचे चित्र काढतील, तिसरीची पट्टी वाचतील आणि चौथीची आठवड्याची बेरीज करून चौकटीच्या कागदावर स्तंभालेख काढतील. पुढे गणिताच्या तासाला हाच आकडा वापरावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. मग शंभर चौरस मीटरच्या छपरावर दहा मिलिमीटर पावसाचे हजार लिटर होतात. हा हिशेब मुलांकडून आपल्या शाळेच्या छपरासाठी करून घ्यावा आणि पोषण आहार शिजवायला रोज किती पाणी लागते, ते स्वयंपाकघरात विचारून येण्यास सांगावे.

नवरात्राच्या सुमारास बहुतेक गावांत घटाभोवती धान्य रुजत असते, म्हणून अंकुरणाचा प्रयोग तेव्हा घ्यावा. दोन कुंड्यांत सारखेच गहू पेरून एक खिडकीत आणि दुसरी झाकून ठेवावी. अंधारातली रोपे पिवळट आणि अधिक उंच होतात. 'उंच झाले म्हणजे जोमाने वाढले' असे मुले म्हणतील, आणि तेव्हा उत्तर सांगण्याची घाई करू नये. झाकण काढून आणखी काही दिवस निरीक्षण करू द्यावे.

दिवाळीच्या सुटीत मुले किल्ले करतातच. शाळा उघडल्यावर किल्ल्याचा वरून दिसणारा आराखडा काढून घेतला की नकाशाचा पाठ सोपा जातो.

सावलीचा प्रयोग २२-२३ सप्टेंबर, २२ डिसेंबर आणि २१ मार्च या दिवसांच्या आसपास, ऊन असेल त्या दिवशी तीनदा करावा. जमिनीवर एक मीटर उंच राहील अशी काठी सपाट अंगणात रोवावी आणि ओळंब्याने ती सरळ असल्याची खात्री करावी. बारा ते एक या वेळेत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवावा. सर्वांत आखूड सावली नेमकी बाराला पडेल, असा अंदाज मुले आधी वहीत लिहितील. पुण्याच्या परिसरात ती प्रत्यक्षात साडेबाराच्या सुमारास पडते, कारण आपली घड्याळे पुष्कळ पूर्वेकडच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली आहेत. नागपुरात हा फरक बराच कमी असतो. पुण्याच्या अक्षांशावर मध्यान्हीची सावली सप्टेंबर आणि मार्चमध्ये सुमारे ३३ सेंटिमीटर, तर डिसेंबरमध्ये सुमारे ९० सेंटिमीटर भरते. तिन्ही वेळच्या लांबीच्या सुतळ्या भिंतीवर शेजारी शेजारी लावाव्यात. सूर्याकडे थेट पाहू नये, हे मात्र दर वेळी बजावावे.

मार्चमध्ये माठात आणि स्टीलच्या कळशीत सारखेच पाणी भरून दोन्ही भांडी सावलीत ठेवावीत आणि तापमापीने तपासावे. त्यासाठी पाऱ्याची तापमापी मुलांच्या हाती देऊ नये.

प्रत्येक प्रयोगाआधी अंदाज लिहून घेणे आणि तो चुकला तरी खोडू न देणे, हा नियम वर्षभर पाळावा. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी करताना याच वह्या समोर ठेवाव्यात. 'प्रयोगात रस घेतो' असे मोघम लिहिण्याऐवजी 'सोमवारचा पाऊस दोन दिवसांचा असल्याचे स्वतः लक्षात आणून दिले' असे लिहावे, म्हणजे पुढच्या वर्गशिक्षकांना त्या मुलाविषयी काही नेमके कळेल.