कायोटींच्या शेजारी राहायला जाताय? मग आधी एवढी तयारी करा

अमेरिकेत किंवा कॅनडात गावाबाहेर चार-पाच एकर जागा घेऊन राहायचं ठरवलंय, कोंबड्या पाळायच्यात, एक-दोन शेळ्या आणायच्यात, घरात कुत्रा आहेच, असं असेल तर ही तयारी सामान हलवायच्या आधीच सुरू करा, जनावरं आणल्यावर नाही. कारण कायोटी, म्हणजे लांडग्याचा लहान भाऊबंद असा तिकडचा रानटी प्राणी, तिथे आधीपासून असणारच. मुळात हा पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांतला प्राणी, पण माणसांनी लांडगे संपवले, जंगलं तोडून शेती केली आणि याला रान मोकळं मिळालं, आता हवाई सोडून अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात तो आहे, वर कॅनडात आहे आणि खाली पार पनामापर्यंत पोचलाय. त्यामुळे जागा विकणारा म्हणाला की इकडे कायोटी नाहीत, तरी ते धरून चालू नका.

पहिलं काम, सकाळी लवकर उठून कुंपणाच्या कडेकडेने एक पूर्ण फेरी मारायची. घाई करू नका. कुठे जाळीखालची माती खोलगट झालीय, गवत एकाच दिशेला दबलंय, तिथे खाली बसून बघा, खालच्या तारेला करडे-पिवळट केस अडकलेले दिसतील, टोकाला काळे. तीच त्यांची रोजची वाट. ओल्या मातीत ठसा मिळाला तर तो कुत्र्यापेक्षा लांबट आणि आवळलेला असतो, आणि पावलं जवळजवळ एका सरळ रेषेत पडलेली असतात, कुत्रा मात्र इकडेतिकडे भरकटत चालतो. विष्ठेत केस आणि हाडाचे तुकडे असतात, फळांच्या दिवसात नुसत्या बियाच बिया. त्या वाटेवर एक ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, बांधून ठेवा आणि थोडे दिवस नुसतं बघा, किती आहेत, कुठून येतात, किती वाजता जातात. रात्री ओरडण्यावरून आकडा काढू नका, दोघंच असले तरी आवाज असे फिरवतात की सात-आठ असल्यासारखं वाटतं, नवीन माणूस घाबरतोच.

आता मारायचं की नाही हा प्रश्न येतोच, शेजारी सल्ला देतात, ट्रॅप लावणारे फोन नंबर देतात. माझं मत स्पष्ट आहे, जी जोडी तुमच्या कोंबड्यांना हात लावत नाही तिला हात लावू नका. कायोटीची जोडी आपला इलाखा सांभाळते, बाहेरच्या कायोटींना आत येऊ देत नाही, तुमच्या रानात उंदीर-ससे खाऊन ती राहतेय तर ती तिथे असणं तुमच्या फायद्याचं आहे. तिला मारलंत की जागा रिकामी होते आणि दुसरे येतात, ते कसे निघतील काय सांगावं. कुत्र्या-लांडग्यांच्या कुळातला हा प्राणी मारून संपतच नाही म्हटलं तरी चालेल, 1975 साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी गणिती मॉडेल मांडून दाखवलं होतं की दरवर्षी 75 टक्के कायोटी मारत गेलं तरी ते संपायला 50 वर्षांच्या वर लागतील. म्हणून तयारीचा सगळा भर एकाच गोष्टीवर ठेवा, तुमच्या अंगणात त्याला काही मिळत नाही आणि तिथे माणूस त्रास देतो, हे त्या जोडीला पक्कं कळलं पाहिजे.

त्यासाठी आधी खाणं बंद. कुत्र्या-मांजराचा बाउल रात्री बाहेर ठेवायचा नाही, कचऱ्याच्या डब्याला घट्ट लॉक होणारं झाकण, झाडाखाली पडलेली फळं रोजच्या रोज उचलायची, कंपोस्टमध्ये मांस-हाडं-तेलकट काही टाकायचं नाही, बार्बेक्यूची ग्रिल घासून ठेवायची. पक्ष्यांचा फीडर लोक विसरतात, खाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे कायोटी येतो. पण म्हणून उंदरांना विष घालू नका हो, विष खाल्लेला उंदीर घुबड खातं, कोल्हा खातो, शेजारच्याचं मांजर खातं आणि तेही मरतं. आणि मुद्दाम खायला घालणं, फोटोसाठी सुद्धा, अजिबात नाही. हाताने दिलेल्या खाण्याची सवय लागलेला कायोटी पुढे माणसांच्या अंगावर येऊ शकतो आणि मग त्याला मारावंच लागतं.

कोंबड्यांचं खुराडं, इथे मात्र पैसे वाचवू नका. चिकन वायर नावाची ती षटकोनी जाळी मिळते ना, ती कोंबड्या आत ठेवायला ठीक आहे, बाकीच्यांना बाहेर ठेवायला नाही, कायोटी आणि रकून (मांजराएवढा, हातासारखे पंजे असलेला तिकडचा रानटी प्राणी) ती फाडतात. अर्धा इंच भोकांची हार्डवेअर क्लॉथ घ्या, वेल्ड केलेली जाड जाळी असते, आणि ती नुसती स्टेपल न मारता स्क्रू-वॉशरने आवळा. खाली जमिनीलगत हीच जाळी बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून निदान एक फूट पसरायची आणि वर माती टाकायची, कारण कायोटी भिंतीला चिकटून उकरायला लागतो, दात-नखं जाळीला लागली की सोडून देतो, एक फूट मागे जाऊन उकरावं हे त्याला सहसा सुचत नाही. कडी साधी असेल तर रकूनची बोटं ती अगदी आपल्यासारखी उचलतात, त्यामुळे दोन वेगवेगळ्या हालचाली लागतील अशी कडी लावा किंवा कडीत कॅराबिनर, म्हणजे दाबून उघडायचा स्प्रिंगचा हूक, अडकवा. एक इंचाचं भोक राहिलं तरी वीझल, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा बारीक शिकारी प्राणी, आत शिरतो, आणि तो एका रात्रीत सगळं खुराडं मारून ठेवतो, म्हणून संध्याकाळी टॉर्च आत ठेवून बाहेरून बघा, जिथून उजेड येतो तिथे बोट घालून बघा. वरून जाळी हवीच, हॉक म्हणजे ससाण्यासारखे शिकारी पक्षी आणि घुबडं येतात म्हणून, आणि लक्षात घ्या की अमेरिकेत हॉक-घुबडं 1918 च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अ‍ॅक्टखाली संरक्षित आहेत, कोंबडी नेली म्हणून गोळी घालता येत नाही. दार अंधार पडायच्या आत बंद झालंच पाहिजे, रोज आठवण राहणार नसेल तर ऑटोमॅटिक दार बसवा, पण ते बसवलं तरी आत सगळ्या आल्यात का ते डोळ्यांनी बघून यायचं.

शेळ्या-मेंढ्यांचं सगळ्यात सोपं आणि स्वस्त उत्तर म्हणजे रात्री बंद गोठा. दोनच शेळ्या असतील तर एवढं पुरतं, त्यासाठी राखणीचा मोठा कुत्रा आणायची गरज नाही. कळप असेल आणि कुरणातच राहणार असेल तर मग लिव्हस्टॉक गार्डियन डॉगचा विचार करा, ग्रेट पिरेनीज, अनातोलियन शेफर्ड, अकबाश, मरेमा या त्यातल्या जाती, पण हा कुत्रा शहाणा व्हायला दीड-दोन वर्षं लागतात, तोवर तो पिल्लूच असतो, खेळता खेळता करडाला जखमी करू शकतो, आणि मोठा झाल्यावर रात्रभर भुंकतो कारण तेच त्याचं काम आहे, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. गाढवही चालतं, कुत्र्यासारख्या प्राण्यांचा त्याला उपजत राग असतो, पण एकच ठेवायचं, दोन ठेवली की ती एकमेकांतच रमतात, आणि मादी किंवा खच्ची केलेला नरच घ्या, न खच्ची केलेला नर शेळ्यांनाच मारतो. आणि हे तर लिहूनच ठेवा, शेळ्या-गुरांच्या काही खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते गाढवाला आणि घोड्याला विष आहे, पोत्यावरचं लेबल वाचल्याशिवाय खाद्य एकत्र ठेवू नका. लामा पण लोक ठेवतात, एकदुकट्या कायोटीपुरता ठीक, माउंटन लायन (प्यूमा, बिबट्याएवढं रानमांजर) आला तर त्याच्यापुढे गाढव नाही आणि लामाही नाही.

गाभण शेळ्या विण्याच्या आधी घराजवळ आणा, व्यायल्यावर जार पडला की लगेच उचला, त्याच्या वासावर सगळे येतात. कुंपण सहा फुटी घाला आणि त्यालाही खुराड्यासारखीच खाली जाळी वळवा. लाल झेंड्या, चमकणारे दिवे, रेडिओ, हे सगळं चालतं पण थोडे दिवसच, कायोटी हुशार आहे, जागा बदलत राहिलात तर जरा जास्त दिवस चालतं, त्यामुळे हे वर्षभर लावून ठेवू नका, विणीच्या आठवड्यांसाठी राखून ठेवा.

कॅलेंडरवर कायोटीचं वर्षही लिहून ठेवा. जानेवारी ते मार्च त्यांच्या जोड्या जमतात, साधारण 63 दिवसांनी म्हणजे एप्रिल-मेच्या सुमाराला पिल्लं होतात, चार ते सात वगैरे, आणि तिथून उन्हाळा संपेपर्यंत आई-बाप दिवसासुद्धा शिकारीला फिरतात. दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेला, असं नसतं. याच दिवसांत कुत्र्याला फिरवताना एखादा कायोटी थोडं अंतर ठेवून मागे मागे येतो, लोक म्हणतात आमचा पाठलाग केला, तो खरं तर तुम्हाला पिल्लांपासून लांब सोडायला आलेला असतो. तिथे आरडाओरडा करू नका, छोटा कुत्रा उचला, पाठ न दाखवता आल्या वाटेने मागे फिरा आणि काही आठवडे ती वाट सोडा. कुत्र्याला सहा फुटांचा साधा पट्टा, लांबत जाणारा नको. मांजर घरातच. कुत्र्याला रेबीज, डिस्टेंपर, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या रोगांच्या लसी वेळेवर. रात्री छोट्या कुत्र्याला शी-शूला सोडताना आधी दिवा लावा, अंगण बघा, आणि सोबत जा.

अंगणात आला तर मात्र ऐकून घ्यायचं नाही. सरळ समोर जा, हात वर करा, डोळ्याला डोळा भिडवा, ओरडा, पातेलं वाजवा, होजने पाणी मारा, आणि तो पूर्ण निघून जाईपर्यंत थांबू नका, अर्ध्यावर सोडलंत तर तो शिकतो की थोडा वेळ थांबलं की माणूस गप्प बसतो. त्याला पळायला वाट मोकळी ठेवा. खिडकीतून किंवा गाडीतून ओरडून उपयोग नाही, त्रास देणारा माणूस त्याला दिसला पाहिजे. दाराशी एक एअर हॉर्न टांगून ठेवा. घरातल्या सगळ्यांकडून, पोरांकडूनसुद्धा, हे एकदा प्रत्यक्ष करून घ्या, आणि पळायचं नाही हे पोरांच्या डोक्यात पक्कं बसवा. कायोटीने माणूस मारल्याच्या नोंदलेल्या घटना दोनच आहेत, 1981 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलला आणि 2009 मध्ये कॅनडातल्या केप ब्रेटनला, त्यामुळे रात्रंदिवस धास्ती नको, पण लहान मूल अंगणात एकटं नको एवढं पाळा.

अस्वलं असलेला भाग असेल तर तयारी वाढते. मधमाश्यांच्या पेट्या आणि खुराडं यांना इलेक्ट्रिक कुंपण, वसंतापासून हिवाळा लागेपर्यंत पक्ष्यांचे फीडर उतरवलेले, आणि बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, हाताशी, बॅगेत नाही, त्याची एक्स्पायरीही बघत जा. माउंटन लायन समोर आला तर खाली वाकू नका, पोराला उचला, मोठं दिसा, आणि अंगावर आलाच तर जे हातात येईल त्याने मारा.

शेवटी कागद आणि फोन. राज्याच्या वाइल्डलाइफ खात्याचा आणि गुरांच्या डॉक्टरचा नंबर फ्रिजवर लावा. ट्रॅप, गोळी, पकडून दुसरीकडे सोडणं, याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत, बऱ्याच ठिकाणी दुसरीकडे नेऊन सोडणं बेकायदेशीर आहे, आधी विचारा. केस गळालेला, खरुजेने बेजार झालेला कायोटी दिसला तर जवळ जाऊ नका, खात्याला कळवा. कोणत्याही रानटी जनावराने चावलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर.

आणि एखादं जनावर गेलंच तर लगेच कायोटीवर नाव घेऊ नका. आधी ताडपत्री टाका, फोटो काढा, मग हलवा. कायोटी बहुतेक वेळा गळ्याला धरतो, मोकाट कुत्री मागचे पाय आणि कुशी फाडतात आणि एका वेळी बऱ्याच जनावरांना जखमी करतात, माउंटन लायन मानेला मागून धरतो आणि उरलेलं पालापाचोळ्याखाली झाकून ठेवतो. कोणी मारलं ते कळलं तरच काय दुरुस्त करायचं ते कळतं, मोकाट कुत्र्यांनी मारलं असेल तर आधी कुत्र्यांच्या मालकांशी बोलावं लागेल.