एका माणसासाठी बारा फ्रेम

कराडात आमचा स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी चालवते. आमच्या धंद्यात एक काम हमखास येतं. घरातलं कुणीतरी गेलेलं असतं आणि मुलगा मोबाइलमध्ये कुठल्याशा लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतो. “यातला बाबांचा चेहरा तेवढा मोठा करून द्या, तेराव्याच्या आत पाहिजे.” मग शेजारच्याचा खांदा पुसायचा, डोक्यामागचा मांडव काढायचा, तिथे निळा रंग भरायचा. ही कामं करून करून माझं मत पक्कं झालंय, की माणूस हिंडता-फिरता असतानाच त्याचा एकट्याचा, सवडीने काढलेला एक तरी फोटो घरात असावा.

तो मी कसा काढते, ते सांगते.

सुरुवात फोनवर होते. मी लगेच तारीख देत नाही. आधी विचारते, फोटो कुणाला हवाय, घरात कुठे लागणार आणि ज्यांचा काढायचा त्यांचा दिवस कसा जातो. उत्तरं वहीत लिहून ठेवते. देवघराशेजारी लागणारा फोटो आणि परगावच्या मुलीला पाठवायचा फोटो एकसारखा असून चालत नाही. भिंतीवरच्या फोटोत नजर समोर हवी, कारण घरातली माणसं येता-जाता त्या नजरेशी बोलणार असतात. नवे कपडे घेऊ नका, असंही सांगते. कोरी साडी अंगावर बसत नाही आणि ती नेसलेलं माणूस अवघडतं. रोजचा चष्मा, रोजची टोपी घेऊन या म्हणते.

वेळ दीड तासाची द्या आणि त्यात दुसरं गिऱ्हाईक घेऊ नका. हे परवडतं का, असं मला बाकीचे फोटोग्राफर विचारतात. रोज नाही परवडत. मी मंगळवार आणि शुक्रवारची सकाळ त्यासाठी ठेवलीय, बाकी वेळ पासपोर्ट फोटो चालूच असतात. पहिली वीस मिनिटं कॅमेरा बॅगेतच असतो. चहा घेता घेता बघायचं, की ऐकायला कोणता कान पुढे करतात, हात कुठे विसावतात, बोलताना मान कुठे कलते. फोटोत त्यांना तसंच बसवायचं असतं.

उजेडासाठी मला एक खिडकी पुरते. उत्तरेची असली तर उत्तम, कारण तिथून सहसा थेट ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. पावसाळ्यात ढगांमुळे तो आणखी मऊ होतो. माणसाला खिडकीपासून तीन-चार फुटांवर, थोडं तिरकं बसवा. फार जवळ बसवलं तर अर्धा चेहरा काळोखात जातो. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी केली की सावली उजळते. ट्यूबलाइट बंदच करा, नाहीतर एका गालावर एक रंग आणि दुसऱ्यावर दुसरा. चष्म्याच्या काचेत खिडकी चमकत असेल, तर काड्या कानावरून किंचित वर उचला. काचा खाली झुकतात आणि डोळे मोकळे दिसतात.

फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर ८५ मिमीची लेन्स, लेन्सचं छिद्र एफ ४ वर, शटर सेकंदाच्या १/१२५ भागावर, फोकस जवळच्या डोळ्यावर. मोबाइल असेल तर चेहऱ्याला चिकटू नका, नाक मोठं येतं. पाच फूट मागे सरा आणि दुप्पट झूम करा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, म्हणजे तुम्हाला त्याच्यामागे तोंड लपवावं लागत नाही. अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड ॲव्हेडन मोठ्या कॅमेऱ्यावर काम करताना शेजारी उभे राहून समोरच्याशी बोलत, ते याचसाठी.

आता बारा फ्रेमचं. वडिलांच्या यॅशिका कॅमेऱ्यात १२० नंबरचा फिल्मचा रोल बसायचा आणि त्यात चौकोनी बाराच फोटो यायचे. मी डिजिटलवरही बाराच काढते. मागच्या स्क्रीनवर चिकटपट्टी लावते, कारण प्रत्येक क्लिकनंतर तिथे बघत बसलं की समोरचं माणूस एकटं पडतं. माणसांचे फोटो काढण्यासाठी नावाजलेल्या ब्रिटिश फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन १८१५ मध्ये कलकत्त्यात जन्मल्या आणि त्यांच्या हाती पहिला कॅमेरा आला तो १८६३ मध्ये. त्यांच्यासमोर बसणाऱ्याला काही मिनिटं न हलता बसावं लागे. तितका वेळ कुणालाच उसना चेहरा धरून ठेवता येत नाही. आपलं शटर क्षणात पडतं, म्हणून ती मिनिटं आपणच द्यावी लागतात.

“स्माईल” म्हणू नका. त्यांच्या हातच्या कामाबद्दल विचारा. पुरणाची डाळ कितपत शिजवायची, हे सांगताना बाईचा चेहरा बघा. सांगून झालं की गप्प राहा. त्या शांततेत एक श्वास सुटतो, पापणी लवते, आणि त्यानंतर क्लिक करायचं.

फोटो लगेच निवडू नका. दोन दिवस जाऊ द्या, मग बारातून एक. त्वचा गुळगुळीत करणारं सॉफ्टवेअर मी आता वापरत नाही, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी ऐंशीच्या पुढच्या एक आजी स्वतःहून आल्या होत्या. “मी गेल्यावर लावायला फोटो काढ,” म्हणाल्या. मी घाईत होते. पन्नासेक फोटो काढले, त्यातला एक त्या सॉफ्टवेअरमधून काढून प्रिंट दिली. आजींनी ती खिडकीशी नेली, हनुवटीवर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “आगं, माझं गोंदण कुठं गेलं? वर जाताना तेवढंच संगं येतं.” हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके डाग समजून पुसले गेले होते आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मी त्यांना पुन्हा बोलावलं. चहा झाला. गोंदणारीण गावात आली तेव्हा आपण किती लहान होतो, सुई टोचताना आईने हात कसे धरून ठेवले होते, सगळं सांगून झालं. अकराव्या फ्रेमला त्या बोलायच्या थांबल्या होत्या. हनुवटी जरा वर होती आणि ठिपक्यांवर खिडकीचा उजेड होता. ८ बाय १२ इंचाची मॅट प्रिंट काढली. आजींनी बोट लावून ठिपके मोजले. “आता बराबर हाय.” परवा त्यांची नात भेटली. म्हणाली, आजीने फोटो अजून कुणाला लावू दिलेला नाही, ट्रंकेत इरकलीच्या घडीत ठेवलाय.